शाळेसाठी चौदा डबे

मला शांतता सहन होत नाही. कुणी प्रश्न विचारला आणि समोरचा माणूस दोन श्वास गप्प राहिला, की माझ्या तोंडातून उत्तर निघालंच म्हणून समजा, मग तो प्रश्न मला विचारलेला असो वा नसो. या स्वभावापायी मी एका जर्मन गावातल्या शाळेची पालक-प्रतिनिधी झाले, आणि त्याच स्वभावापायी ती शाळा जवळजवळ बुडवून बसले.

माझी नोकरी गेर्लिंगेनला. घर मात्र तिथून बरंच लांब, एका लहान गावात, कारण बाल्कनी असलेलं घर आम्हाला तिथेच मिळालं. गावात एक चर्च, एक बेकरी, एक राटहाउस, म्हणजे गावची कचेरी, आणि एक प्राथमिक शाळा. मुलं इतकी कमी, की पहिली आणि दुसरी एकाच वर्गात बसतात. माझी मुलगी तिथे दुसरीत होती.

माझी ही मुलगी घरात अखंड चिवचिवते. आम्ही मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोन्हीकडून भांडण व्यवस्थित होतं. पण घराचा उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. बालवाडीतली तीन वर्षं ती एक शब्द बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. मला कुणी घाई करू नका म्हटलं की माझी घाई दुप्पट होते. बेकरीवालीने तिला काय हवं विचारलं की मीच सांगायची, शेजारणीने नाव विचारलं की मीच सांगायची.

पहिलीच्या सुरुवातीला तिच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. "तुम्ही तिच्या वतीने उत्तर देता," त्या म्हणाल्या. "देऊ नका. मी थांबते. वर्गात मुलं थोडी आहेत, मला थांबता येतं." आणि त्या खरंच थांबल्या. रोज तिला एक प्रश्न विचारायचा आणि तिच्याकडे बघत नुसतं थांबायचं. बाकीची मुलंही थांबायला शिकली. वसंतात एका सकाळी चित्र पुरं करून मुलगी म्हणाली, "फर्टिग." झालं. एवढंच. बाईंनी मला फोन करून सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

दुसरीची पहिली पालकसभा सप्टेंबरात होती. चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन आम्ही बसलो होतो. "पालक-प्रतिनिधी व्हायला कोण तयार आहे?" बाईंनी विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मी मनात चारपर्यंत मोजलं आणि हात वर केला. सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक केलं. टाळ्यांऐवजी इथे हे असं करतात. त्या टकटकीत सुटकेचा आवाज होता, हे मला उशिरा कळलं.

पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेने आम्हा प्रतिनिधींना बोलावून सांगितलं, की नोव्हेंबरात गावची परिषद शाळेचा निकाल लावणार आहे. छप्पर गळतंय. ते दुरुस्त करायचं, की शाळा उन्हाळ्यात बंद करून मुलांना बसने शेजारच्या शहरातल्या मोठ्या शाळेत पाठवायचं, यावर मतदान. तिथे वर्ग मोठे. तिथे कुणाला थांबता येणार होतं?

मी प्रश्नांचा भडिमार केला. मग मला कळलं, की शिक्षकांचा पगार राज्य देतं, पण भिंती, छप्पर, शिपाई, खडू हे सगळं गावाचं. राज्याला विचारलं तर ते म्हणतं, शिक्षक आम्ही देतोय. गावाला विचारलं तर ते म्हणतं, आमचा हात आखडलेला आहे. बाई आहेत, मुलं आहेत, फक्त छपराला वाली नाही.

"पण निकाल कसे आहेत?" मी विचारलं. "आपल्या शाळेचा नंबर कितवा?"

मुख्याध्यापिकेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं वजन विचारलं होतं. तिसरीत राज्याची एक चाचणी होते, ती म्हणाली, आणि आपली मुलं ती छान देतात, पण ते आकडे शिक्षकांना शिकवणं सुधारता यावं म्हणून असतात, परिषदेत फडकवायला नाहीत. मी पुण्यात वाढलेली. जिथे शेजारच्या मुलाचे टक्के जिन्यातच कळतात, तिथली. चांगले निकाल हातात असून ते लपवून लढायचं, हे माझ्या डोक्यात शिरेना. घरी येऊन मी भांडी आपटली.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पुण्यात महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझी आदळआपट शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "आमचीही शाळा गळायची. अर्जांची चळत झाली होती. शेवटी दिवाळीत नगरसेवकांच्या घरी फराळाचा डबा घेऊन गेले."

"अहो आई, म्हणजे लाच?"

"लाच कसली? काही मागितलंच नाही मी. बसले, चहा घेतला, त्यांच्या आईची चौकशी केली, उठले. माणसाला आपला चेहरा माहीत हवा. मागायचं मात्र नाही हं."

आमच्या ऑफिसात भेटवस्तू कुणाला द्याव्यात, कुणाला देऊ नयेत, याचं ट्रेनिंग दरवर्षी असतं. ते मी दरवर्षी 'पुढे, पुढे' करत संपवते. त्यामुळे माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. दिवाळी आलीच होती. दोघींनी मिळून चकल्या तळल्या, बेसनाचे लाडू वळले, शंकरपाळे केले. नवऱ्याने परिषदेच्या चौदाही सभासदांचे पत्ते काढून दिले आणि "बघ बाई" एवढंच म्हणाला. चौदा डबे भरले. प्रत्येकावर एक कार्ड: दिवाळीच्या शुभेच्छा.

इथे थांबायला हवं होतं. पण कार्डावर खाली केवढी मोठी कोरी जागा होती, आणि मला कोरी जागाही सहन होत नाही. सासूबाई आंघोळीला गेल्या तेवढ्यात मी चौदाही कार्डांवर जर्मनमध्ये लिहिलं, 'कृपया आमची शाळा वाचवा', आणि खाली 'पालक-प्रतिनिधी' म्हणून सही ठोकली. शनिवारी सायकलवरून गावभर फिरून डबे दिले. बहुतेकांनी गोंधळून हसून घेतले. एक म्हातारा सुतार तेवढा दारात उभा राहून डब्याचा वास घेत म्हणाला, "हे काय, आत्ताच उघडू?" तो स्वतः त्याच शाळेत शिकलेला, शाळेचं मोठं दार त्याच्याच हातचं. त्याचं मत मी आपल्या बाजूने धरूनच टाकलं.

मंगळवारी राटहाउसमधून फोन आला. बुर्गरमाइस्टर, म्हणजे आपला नगराध्यक्ष, भेटू इच्छित होता. मी गेले. त्याच्या टेबलावर माझे डबे ओळीने मांडलेले होते. झाकणं तशीच, कार्डं तशीच. तेरा होते.

"आल्झो... तर मग," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला जड गेलं. "तुमचा हेतू मला समजतो. माझी बायकोही नाताळात बिस्किटं वाटते. पण निवडून आलेल्या पालक-प्रतिनिधीने, मतदानाच्या तोंडावर, मागणी लिहून, सभासदांना भेट द्यायची... त्यांनी ती घेतली, तर उद्या कुणीही निर्णयावर बोट ठेवेल."

मी डबे पुन्हा मोजले. "आणि चौदावा?"

"सुतारांनी खाल्लं. नवरा-बायकोने त्याच संध्याकाळी सगळं संपवलं. कार्ड नंतर वाचलं." तो हसू दाबत होता, मग त्याचं हसू गेलं. "त्यांनी स्वतःच फोन केला. म्हणाले, मी खाल्लंय, आता मी या विषयावर मत देणार नाही. मी सांगितलं, नियम इतका कडक नाही. पण त्यांनी ठरवलंय."

मी हिशेब केला. चौदा सभासद आणि पंधरावं मत याचं. सगळ्यांना ठाऊक होतं, की मामला काठावर आहे. आणि आमचं एक हमखास मत मी बेसनात घोळून घालवलं होतं.

"आणखी एक," तो म्हणाला. "सभेच्या सुरुवातीला नागरिकांना प्रश्न विचारता येतात. तुम्हाला हक्क आहे. पण तुम्ही उठलात तर सगळे शाळेऐवजी डब्यांबद्दल बोलतील. विचार करा."

तेरा डबे घेऊन घरी आले. सासूबाईंनी एकाचं झाकण उघडलं, चकल्या जशाच्या तशा. "भरलेला डबा परत आलेला आयुष्यात पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कार्ड उलगडलं आणि मला वाचून दाखवायला लावलं. वाचून झाल्यावर त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "मी म्हटलं होतं ना, मागायचं नाही?" एवढंच. मला वाटलं, त्यांनी ओरडायला हवं होतं.

पुढचे नऊ दिवस माझा पाय एका जागी ठरला नाही. ऑफिसात मीटिंगमधून उठून पाणी प्यायले, पुन्हा उठले. शाळेच्या फाटकाशी इतर आया माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलत. बाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नेहमीसारख्या थांबल्या, मी आणखी काही बोलते का ते बघत. आणि मी बोललेच, पंधरा मिनिटं. रोज सकाळी मुलीची वेणी घालताना मला वाटायचं, हिचं कुलूप आत्ता कुठे उघडलंय, आणि मी बया किल्लीच नदीत टाकून आले.

सभा संध्याकाळी होती. राटहाउसच्या दालनात लोकांसाठी मागे खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्या भरलेल्या. माझ्या शेजारची तेवढी रिकामी राहिली होती. शाळेचा विषय पुकारला गेला, तसा म्हातारा सुतार टेबलापासून उठला, सावकाश चालत मागे आला आणि नेमका त्या खुर्चीवर बसला. मला मान लववून नमस्कार केला. मी जमिनीत गडप झाले तर बरं, असं झालं.

नागरिकांचे प्रश्न सुरुवातीलाच होऊन गेले होते. तेव्हा मी हात मांडीखाली दाबून बसले होते. एका बापाने बसच्या वेळा विचारल्या, एका आईने छपराबद्दल विचारलं. माझ्या मुलीबद्दल कुणी बोललं नाही, बोलणार तरी कोण? जिला बोलायचं होतं तिने स्वतःच्या हाताने तोंड शिवून घेतलं होतं.

ठराव वाचला गेला: शाळा उन्हाळ्यात बंद करावी. बाजूने हात वर करा. मी मोजले. सात. विरोधात? सात.

"समान मतं," बुर्गरमाइस्टर म्हणाला. "बहुमत नाही. ठराव फेटाळला. शाळा चालू राहील, छपराचं पुढच्या सभेत बघू."

मागच्या सगळ्या खुर्च्यांवरून टकटक सुरू झाली. मी रडत होते आणि हसतही होते. शेजारी वळले तर सुतार टोपी घालून केव्हाच निघून गेला होता. तो टेबलाशीच बसला असता तर आठ-सात झालं असतं आणि विषय कायमचा मिटला असता, असं मला वाटलं. पुन्हा अपराधी वाटलं.

रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. सुतार उभा होता, हातात माझा चौदावा डबा. आता घासूनपुसून स्वच्छ केलेला, आणि जड. "माझ्या झाडाचे अक्रोड आहेत," तो म्हणाला. "आता देता येतात." सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण डबा भरून परत आलाय हे कळलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मुलगी माझ्या पायाला चिकटून उभी राहिली.

मी त्याची माफी मागितली. माझ्यामुळे तुम्हाला आपल्या शाळेच्या बाजूने हात वर करता आला नाही, असं म्हणाले.

"शाळेच्या बाजूने?" त्याने मान हलवली. "नाही हो. मी बंद करा म्हणूनच हात वर करणार होतो. वर चढून वासे पाहिलेत मी, कुजलेत. माझी नातवंडं बसने जातात, त्यांचं काही बिघडलं नाही."

माझ्या हातातला डबा एकदम जड झाला. आठ-सात झालंच असतं, पण दुसऱ्या बाजूने.

म्हातारा कमरेत वाकला आणि मुलीला विचारलं, "आणि तू? तू बसने गेली असतीस का?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मनात मोजू लागले: चार झाले, सात झाले, दहा झाले. जिन्यात कुणाच्या तरी घरी रेडिओ वाजत होता. तो वाकलेलाच राहिला, एक हात चौकटीवर टेकून, बाईंसारखा.

"नाइन," मुलगी म्हणाली. आणि मग हळू, पण स्पष्ट, "हिअर रेडे इश."

नाही. इथे मी बोलते.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "बोलली? काय म्हणाली गं?" मी मान हलवली. म्हातारा कण्हत ताठ झाला आणि त्याने टोपी सारखी केली.

"मग बरं झालं," तो म्हणाला, "मी खाल्लं."