श्यूच्या युवराजाची वकिली

क्षिप्रा आगाशेला गप्प बसणं कधी जमलंच नाही. पुण्यात बी. फार्म. करताना ती सरांशी हुज्जत घालायची. सिंगापूरच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट झाल्यावर थेट डॉक्टरांना फोन लावून, "ही गोळी त्या गोळीबरोबर चालायची नाही," असं ठणकावून सांगायची. नवरा निशिकांत जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून दमूनभागून यायचा, त्यामुळे शेजारपाजार सांभाळणं तिच्याकडेच.

शेजारी होते अंकल कोह, चिनी शाळेतले निवृत्त मास्तर. कोह आडनावाच्या लोकांचं गेलांगला एक कुळमंडळ होतं. २०१४ साली मंडळाने त्यांना गळ घातली, की आपल्या मूळ राज्याचा इतिहास तरुण पोरांना इंग्रजीत सांगा. अंकलचं इंग्रजी बेताचं, म्हणून इमारतीखालच्या बाकावर क्षिप्रापुढे तालीम सुरू झाली.

"मम्मा, डोन्ट बी सो केपो ला!" लेक अवनी म्हणाली. आईच्या नसत्या उठाठेवी तिला पसंत नव्हत्या. पण क्षिप्रा रमली. श्यू हे कोह लोकांचं मूळ, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं चीनमधलं टीचभर राज्य. एका बाजूला झंग, दुसऱ्या बाजूला चू, दोघेही दांडगे. झंगने राजधानी जिंकली तेव्हा श्यूचा राजा पळाला. पुढे त्याच वंशातल्या एकाला गादी परत मिळाली. श्यूच्या एका राजाला तर स्वतःचे हात बांधून, तोंडात जेडचा खडा धरून चूला शरण जावं लागलं. शेवटी झंगच्या धाकाने अख्खं राज्य चूच्या आश्रयाला गेलं आणि चू सांगेल तिकडे बिऱ्हाड हलवत राहिलं.

"थांबा अंकल. आत्ता गादीवर दाओ राजा होता ना? हा दुसरा कुठून आला?"

"ते सोड," अंकल म्हणाले. "लाजिरवाणं आहे."

ती कसली सोडते! मग अंकलनी मान खाली घालून सांगितलं. दाओ राजाला हिवताप झाला. युवराज झीने स्वतः औषध दिलं. ते पिऊन राजा गेला आणि झी देशोधडीला लागला. जुन्या इतिवृत्तात नोंद झाली, की झीने आपल्या राजाची हत्या केली.

"हत्या? बापाला औषध दिलं म्हणून?"

"त्याने आधी स्वतः चाखून बघायला हवं होतं, असं पंडित म्हणतात."

"चाखून विष कळेल एक वेळ, मात्रा कशी कळणार? अंकल, हे गाळायचं नाही. आपण सांगायचं."

"मग तूच सांग," अंकल म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडळाचा हॉल भरलेला होता. अंकलनी राज्याची कथा रंगवून सांगितली आणि क्षिप्राला पुढे बोलावलं. साडी नेसलेली बाई आपल्या युवराजाबद्दल काय बोलणार, म्हणून पोरांनी फोन खाली ठेवले. ती जराही अडखळली नाही. झी दुःखाने खंगला, भावाला गादी देऊन वर्षाच्या आत मेला, अशीही एक जुनी नोंद आहे, हे तिने सांगितलं. "खुनी माणूस मिळालेली गादी सोडत नाही," ती म्हणाली.

मागच्या रांगेतली एक म्हातारी आंटी उठली आणि होक्कियन या चिनी बोलीत बोलू लागली. अंकल भाषांतर करत होते. तिच्या तरुण नवऱ्याला ताप होता. तिने काढा करून पाजला आणि तो दगावला. त्यानंतर सासूने तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. "तू औषधातली माणूस. खरं सांग. दोष कुणाचा?"

खोटा दिलासा देणं क्षिप्राच्या स्वभावात नव्हतं. ती खाली उतरून म्हातारीसमोर उभी राहिली.

"काढ्यात काय होतं ते मला माहीत नाही, आंटी. कदाचित त्याने अपाय झालाही असेल. पण तसा ताप औषध न देताही माणूस नेतो. तुम्ही त्यांना वाचवायला गेला होतात. ह्याला गुन्हा म्हणत नाहीत."

अंकलनी शब्द न शब्द भाषांतर करून सांगितलं. म्हातारीने क्षिप्राचा हात धरून तिला जेवणाच्या टेबलाशी नेलं, शेजारी बसवलं आणि मांसाचे पदार्थ दूर सारून तिच्या वाडग्यात टोफू वाढत राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

पुढच्या वर्षी मंडळाने झीची कथा कार्यक्रमात कायमची घेतली. अंकल आता ती स्वतः सांगू लागले, इंग्रजीतच, मान ताठ ठेवून. क्षिप्रा पहिल्या रांगेत बसून त्यांच्या चुका काढायची.