महिपतची गाडी डावीकडे का ओढते

महिपत रेवाळेची गाडी डावीकडे ओढायला लागली ती दिवाळीनंतर. पहिले पंधरा दिवस त्याने हे कुणाला सांगितलंच नाही. सांगणार तरी कुणाला? मिरजोळ्याच्या त्या दोन खोल्यांत दुसरं माणूस नव्हतं. एक मांजर यायचं, तेही बांगडा असेल त्याच दिवशी.

माणूस नाकासमोर चालणारा. मूळ गाव आत घाटाच्या अंगाला. दहा वर्षं लोट्याच्या एका कंपनीची बस चालवली, पाळीच्या कामगारांना न्यायचं आणि आणायचं. मग ती नोकरी सोडून एक जुनी पिकअप घेतली आणि इथे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पाण्याचे जार टाकायचा धंदा सुरू केला. धंदा त्याचा एकट्याचा नव्हता हां. बायको तुळसा पहिल्या दिवसापासून बरोबर. ती मागे हौद्यात उभी राहायची, पदर खोचून. भरलेला जार सरकवत उघडलेल्या फाळक्याच्या कडेला आणायची आणि म्हणायची, "घ्या." खाली महिपत खांद्यावर घ्यायचा आणि आत नेऊन ठेवायचा. रिकामा आणून वर द्यायचा, तोवर पुढचा जार कडेला तयार. "घ्या." चौदा वर्षं हेच. फेरीभर दोघांत दुसरं बोलणं फारसं नसायचं, आणि त्यांना ते कमीही वाटायचं नाही.

मग मुलगा रितेश, तिकडे विरारला असतो, त्याला मुलगी झाली. सून दर्शनाची रजा संपली तेव्हा सानवीला सांभाळायला तुळसा तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. त्या तीन महिन्यांना आता तीन वर्षं होत आली. गणपतीला पाच दिवस येते, शिमग्याला चार दिवस, की परत विरारच्या गाडीत बसली. मात्र एक ठरलं होतं, की जूनमध्ये सानवी शाळेत जायला लागली की तुळसा कायमची घरी येणार. महिपत त्या जूनवर जगत होता म्हणा ना.

आणि त्यात ही गाडी.

आधी त्याला वाटलं, रस्त्याचा दोष असेल. आपल्याकडचे रस्ते पाणी निघून जावं म्हणून कडेला उतरते असतात, गाडी थोडी डावीकडे जायचीच. म्हणून एका रविवारी सकाळी, एमआयडीसीत चिटपाखरू नसताना, त्याने रस्त्याच्या उजव्या अंगाने गाडी चालवून बघितली. तिकडे उतार उजवीकडे, पण बाईसाहेब डावीकडेच. मग हवा तपासली, दोन्हीकडे सारखी. पुढचे टायर अदलाबदल केले, की टायरचा दोष असेल तर ओढ तरी दुसऱ्या बाजूला जाईल. ती जागची हलली नाही. मग कॉम्प्युटरवाल्याकडे अलाइनमेंट केलं. त्या पोराने छापील कागद हातात दिला, सगळे आकडे हिरवे. कागद बघून समाधान वाटलं, आणि गेटबाहेर पडल्यावर गाडी पुन्हा गटाराकडे. दोनदा केलं. दुसरा कागदही हिरवाच.

शेजारच्या पद्मजाबाई निवृत्त शिक्षिका, शिकलेल्या बाई, पण त्यांनीसुद्धा विचारलं की वेशीवरच्या राखणदाराचा नारळ चुकला नाही ना कुठे. महिपतने वेशीवर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. देवाने ऐकलंही असेल, पण देव काही गाडीखाली शिरत नाही.

आता तुम्ही विचाराल, हा शहाणा सदू मिस्त्रीकडे का नाही गेला? सगळं मिरजोळं जातं. सदूचं गॅरेज त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. कारण सांगतो. सदूचा हात चांगला, पण तोंड त्याहून चालतं, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. वहिनी कधी येणार? पहिल्या वर्षी महिपतने सांगितलं, येईल पुढच्या महिन्यात. दुसऱ्या वर्षीही तेच सांगितलं. मग त्याला त्या प्रश्नाचीच धास्ती बसली. बायको टाकून गेली असं थोडंच आहे, नातवंड सांभाळतेय, त्यात लाजण्यासारखं काय? पण लाज वाटायची खरी. म्हणून हा बाबा तीन महिने उजव्या हाताने स्टेअरिंग ओढून धरत फिरला, खांदा दुखवून घेतला, पण सदूच्या दारात गेला नाही.

शेवटी जावं लागलं ते रितेशमुळे. त्याला फोनवर खांद्याचं कळलं आणि त्याने सरळ सांगितलं, बाबा, आता पुरे. गाडी विका आणि इकडे या. नुसतं सांगून थांबला नाही, राजापूरचा एक ओळखीचा गाठला, संदेश नावाचा. तो रविवारी गाडी बघायला येणार होता. महिपतने रात्रभर विचार करून मनाशी एक ठरवलं, आणि खरं सांगायचं तर ठरवायचा भार त्याने गाडीवरच टाकला. पाण्याच्या प्लांटवरचे सगळे म्हणत होते तशी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाच, वाकली असेल, तर खेळ खलास. गाडी संदेशला द्यायची, दाराला कुलूप आणि विरार. दोष साधा निघाला तर गाडी ठेवायची, जून येईपर्यंत कसंही रेटायचं.

शुक्रवारी दुपारी फेरी संपवून, जार उतरवून, हौदा धुऊन, काचा पुसून तो गाडी सदूकडे घेऊन गेला.

सदूने चकाचक गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, पेशंटला नटवून आणलंस होय? मग ठरल्याप्रमाणे वहिनींचं विचारलं. महिपतने सांगितलं, जूनमध्ये. सदूने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. तीन महिने ज्याला घाबरला ते इतक्यात आटपलं.

सदू गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. उतरल्या उतरल्या चारही चाकांच्या रिमवर तळहात ठेवला. एका बाजूचा ब्रेक चिकटत असेल तर ते चाक तापतं. चारही सारखीच कोमट. जॅक लावून चाकं हाताने फिरवली, हलवून बघितली. मग त्याने एक सुतळी काढली. तिचं टोक महिपतला पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यावर धरायला लावलं, दुसरं स्वतः मागच्या चाकाच्या मध्यावर नेऊन गाठ मारली. तीच सुतळी उजव्या बाजूला लावली. ती पुरेना. गाठ मागच्या चाकाच्या दोन बोटं अलीकडेच राहिली.

म्हणजे डावीकडचं मागचं चाक दोन बोटं पुढे आलेलं. मागचा सगळा एक्सलच तिरका, मग पुढची चाकं कितीही सरळ करा, गाडी डावीकडे जाणारच. कॉम्प्युटरवाल्या पोराने पुढचंच बघितलं होतं.

"चासी?" महिपतने विचारलं.

तीच सुतळी चासीच्या कोपऱ्यांना तिरकी लावून सदूने दोन्ही कर्ण मापले, आणि मग पाठीखाली पुठ्ठा घेऊन आत शिरला. आतून हातोडीचा आवाज येत राहिला. महिपत बाहेर उकिडवा बसून होता, आणि त्या पाच मिनिटांत त्याचं मनातल्या मनात घर आवरून झालं, मांजराची सोय कुणाकडे करायची तेही ठरवून झालं.

चासी शाबूत होती. डाव्या बाजूच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटला होता. स्प्रिंगचे ते पाटे एकावर एक धरून ठेवणारा आणि एक्सलला जागेवर बसवणारा एवढासा बोल्ट. तो गेला, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल पडले, आणि प्रत्येक चढणीला एक्सल केसभर पुढे सरकत गेला. दुरुस्ती एका दुपारची. महिपतला इतकं हलकं वाटलं की त्याने सदूला चहा सांगितला, आणि महिपत काही उठसूट चहा सांगणारा माणूस नव्हे.

पण चहाचा ग्लास घेऊन सदू मागच्या चाकापाशीच बसून राहिला. म्हणाला, "इकडे ये. हा उजवीकडचा पाटा बघ, कसा कमानीत आहे. आणि हा डावीकडचा बघ. पार सपाट झालाय. बोल्ट असाच नाय तुटला. माल कसा भरतोस तू?"

महिपतने सांगितलं. भरलेले जार डाव्या कडेला, दोन थरांत. रिकामे उजवीकडे. गाडी डाव्या अंगाला लागते, फाळका डावीकडचा उघडतो, म्हणजे खाली उभं राहून हात पोचेल तेवढ्यातच सगळं हवं. मध्ये ठेवले तर प्रत्येक जारला वर चढावं लागेल. गुडघे कुठे राहिलेत आता?

"आणि वर कोण असतं?"

"कोणी नाय."

चहा संपवून सदू म्हणाला, की बोल्ट घालतो, पाटेही बदलतो, पण असाच भरत राहिलास तर पावसाळ्यापर्यंत पुन्हा येशील. ही दोन माणसांची गाडी आहे, वर माणूस पाहिजे.

"जूनपर्यंत काढतो," महिपत म्हणाला.

संध्याकाळी गाडी मिळाली. निघाल्या निघाल्या ती उजवीकडे गेली, सरळ दुभाजकाकडे. महिपत चरकला. मग लक्षात आलं, गाडी नव्हे, आपलाच हात. तीन महिने ओढायची सवय लागलेली, आता ओढ गेली तरी हात ओढतोच आहे. तो एकटाच हसला. असं काही झालं की लगेच सांगावंसं वाटतं, आणि त्याने घरी पोचायचीही वाट न बघता कडेला गाडी घेऊन तुळसाला फोन लावला.

गाडी नीट झाली, चासी शाबूत आहे, रितेशला सांग संदेशला उगाच राजापुराहून यायला लावू नको, असं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. सदू काय म्हणाला तेही सांगितलं. "वर माणूस पाहिजे म्हणतो. म्हटलं, जून काय लांब नाय."

पलीकडे टीव्हीवर लहान मुलांचं काहीतरी चाललं होतं. तुळसाने त्याचा आवाज कमी केला. मग तिने सांगितलं की दर्शनाला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना. शिमग्याला येईन तेव्हा समोर बसून सांगणार होते.

"चांगलं झालं," महिपत म्हणाला. आणि ते चांगलंच होतं हो, हीच तर पंचाईत. रागवावं असं यात कुणी नव्हतं. रितेश वाईट नाही, सून गुणाची, सानवी तर जीव की प्राण. हिशोब मात्र सरळ होता. बाळ येणार, दर्शनाची रजा पुन्हा संपणार, तुळसाचे पुन्हा तीन महिने, आणि पुन्हा तीन वर्षं.

तेहेतीस वर्षांच्या संसारात जे कधी बोलला नव्हता ते तो त्या रस्त्याच्या कडेला बोलून गेला. "तुळसा, मला एकट्याला करमत नाय गो."

"मला तरी कुठे करमतं?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "ही दोघं सकाळी सातला जातात. समोरच्या बिल्डिंगची भिंत बघत बसते दिवसभर." मग म्हणाली, "तुम्हीच या ना. द्या ती गाडी त्या माणसाला."

"बघतो," महिपत म्हणाला. त्यांच्या घरात 'बघतो' म्हणजे नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हट्टी म्हणा हवं तर. जाण्यासारखं होतंच की. पण दिवाळीत तो आठ दिवस तिकडे राहून आला होता. सगळ्यांची ताटं वाढून, पोरीला भरवून, निजवून तुळसा दुपारी तीनला जेवायला बसते, हे त्याने बघितलं होतं. आपण गेलो तर तिच्या अंगावर आणखी एका माणसाचं काम पडणार. आणि खरं कारण वेगळंच होतं. तो गेला की मिरजोळ्याच्या दाराला कुलूप लागणार, धंदा दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि मग तुळसाला परत यायला काही उरणारच नव्हतं. आज ती घरी जायचं म्हणते, ते घर तो तिथे आहे म्हणून आहे. चासी वाकली असती तर गाडीवर ढकलता आलं असतं. गाडी सरळ निघाली आणि ठरवणं त्याच्याकडेच आलं.

घरी पोचून त्याने संदेशला स्वतःच फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांटवर त्याने भरलेले जार हौद्याच्या मध्ये लावले, दोन्ही बाजूंना सारखा भार येईल असे. जार भरणारे बघत राहिले. पहिला थांबा फरशीच्या कारखान्याचा, तिथे पाच जार. त्याने डावा फाळका उघडला. चाकावर पाय देऊन, कठडा धरून, गुडघा दाबत वर चढला. मधला जार धरून सरकवत कडेला आणला.

"घ्या," तो म्हणाला.

मग खाली उतरला, वळला आणि जार खांद्यावर घेतला.