नाव बदललेली बाई

मावशी गेली, असं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी फक्त "कधी?" एवढंच विचारलं. त्याहून जास्त विचारायचा मला हक्क आहे, असं वाटेना.

मावशी म्हणजे वसईतल्या आमच्या सोसायटीत पाच घरची धुणीभांडी करणारी बाई. चिंचोटीकडून यायची. बारा वर्षं ती त्या गेटमधून आत आली. ते बंद झालं ते माझ्या लिहिण्यामुळे.

मी तेव्हा कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होते. इंटर्नशिपसाठी मला नागरी हक्कांवर काम करणारी एक छोटी संस्था मिळाली होती. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दीड खोलीत तिचं ऑफिस. त्या उन्हाळ्यात संस्था घरकामगार बायकांना इमारतींमध्ये कसं वागवतात याची माहिती गोळा करत होती. वेगळी लिफ्ट, वेगळा कप, बसायचं ते फरशीवर. कामाची रीत ठरलेली होती. बाईला सगळं नीट समजावायचं, संमतीच्या कागदावर सही घ्यायची, ती सांगेल ते लिहून घ्यायचं आणि छापण्याआधी तिचं नाव-गाव बदलायचं. बाकीचे विद्यार्थी वस्त्यांमधून हिंडले. मी बुजरी. मी घरच्याच मावशीला विचारलं.

"माझा नाव नको टाकू, बाय," ती म्हणाली. "बाकी काय लिवायचा ता लिव."

"सही कराल ना?"

"करीन की. घरची वकीलबाई हाय, मना कसला भ्या?"

मग तिने सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिच्यासाठी कान तुटलेला एक कप खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेला असायचा. एके दिवशी तिने पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून त्यांच्या ओट्यावर ठेवला. "यात ओता." काकूंनी विचारलं, "हे काय, घरून आणलंस?" तर म्हणाली, "हां. तुमचा कप फुटला तं माझ्या नावावर नको." हा किस्सा इमारतभर झाला होता. लोक हसून तिला ग्लासवाली म्हणायचे आणि तीही हसायची.

मी आठ दिवस खपून ते लिहिलं. तिचं बोलणं, तो ग्लास, जिना चढताना पायऱ्या मोजायची तिची सवय, सगळं. तिला दुसरं नाव दिलं. गाव चिंचोटीचं वटार केलं.

"नाव बदललंस?" संस्थेच्या वकील मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. गावसुद्धा."

"छान लिहितेस गं."

तेवढ्याने मी हुरळून गेले. वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसले आणि एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आमच्या इमारतीत तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ते बदलून मी काय झाकलं होतं?

संस्थेची पुस्तिका छापून आली. दोन आठवड्यांत कुणीतरी त्या पानांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. "ही तर आपली ग्लासवाली!" खाली हसरे चेहरे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "इतकी वर्षं चहा पाजला त्याचं हे फळ." त्यानंतर कुणी हसलं नाही. महिनाअखेरीला कामवाल्या बायकांचे गेटपास नवे झाले, तिचा झाला नाही. आई सेक्रेटरींकडे गेली. ते म्हणाले, "वहिनी, लेखाखाली तुमच्याच मुलीचं नाव आहे ना? मग आमच्याकडे कशाला येता?"

मी गेटवर गेले. मावशी वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभी होती.

"मावशी, आपण नोटीस पाठवू. त्यांना असं अडवता येत नाही."

"पाठव. मंग? त्या बाया मना घरात घेतील?"

मी तरी पर्समधून वही काढली.

"आता कागद नको, बाय. एक झाला तो बस झाला," असं म्हणून ती रिक्षा स्टँडकडे चालू लागली.

पुढे ती राजोडीच्या एका रिसॉर्टवर चादरी धुवायला जाते, असं कळलं. म्हणजे रोजचा प्रवास लांबला आणि काम पाण्यातलं. आमच्या घरापासून राजोडी फार दूर नाही. मी पाच वर्षांत एकदाही गेले नाही. जायचं ठरवायचे, तिथे गेल्यावर काय बोलायचं ते मनात जुळवायचे आणि पुस्तक उघडून बसायचे.

ती गेल्यावर मात्र चिंचोटीला गेले. पुस्तिका पर्समध्ये होती. जे झालं ते तिच्या मुलीला सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाले होते. मुलीने मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली.

"आईला तुमचा लई कौतुक," ती म्हणाली. "जिने चढून गुडघे गेले म्हनून तुमची बिल्डिंग सोडली तिनं. पन सांगायची, वकीलबाईनं माझ्यावर लिवलंय. मना कधी वाचाया नाय भेटला. हाय का तुमच्याकडं?"

मी पुस्तिका काढली. ती म्हणाली, "तुम्हीच वाचा ना ताई."

मी वाचलं. पहिल्या पानावर तिने डोळ्याला पदर लावला, दुसऱ्यावर तिला हसू फुटलं. संपल्यावर म्हणाली, "अगदी आई! नाव दुसरा टाकलाय, पन कोन पन वळखल."

"ओळखलंच," मी म्हणाले. "म्हणूनच तिचं काम गेलं."

मग गेटपासपर्यंतचं सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बोट फिरवत राहिली.

"म्हंजे गुडघे नव्हते दुखत?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.