कट्ट्याचा दलाल

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. कुणी वाचलंच तर माफ करावं. पण कट्टा गावातल्या त्या जागेच्या दलालाबद्दल लिहावंसं वाटतं.

मुलाने मोबाईलवर काजूची जागा पाहिली आणि मालकाला विसारही देऊन टाकला. माझ्या पाटल्या मोडून आलेले पैसे होते ते. खरेदीआधी दलालाला जागा दाखवूया, असं मी हळूच म्हटलं.

मुलगा हसला. "दलाल कित्याक गो आये? सगळां मोबाईलात आसा."

तरी मी निरोप धाडला आणि दलाल जागेवर आला; मालकही होता. काजूकडे त्याने पाहिलंही नाही. चपला काढून तो थेट कोपऱ्यातल्या राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या दगडापाशी गेला. तिथे नारळ ठेवलेला होता. आमच्याकडे राखणदाराला नारळ देतात ते जागेचे भाऊबंदच.

"हो नारळ कोणाचो?" त्याने मालकाला विचारलं.

"चुलत्याचो," मालक पुटपुटला.

"म्हणजे तेचो वाटो आसा. तेका इचारलंस?"

मालकाने शेवटी कबूल केलं, चुलत्याला जागा विकायचीच नव्हती.

दलाल मला म्हणाला, "वयनी, मोबाईलात जागा दिसता. जागेची माणसां दिसनत नाय."

आम्ही व्यवहार मोडला, पण मालक विसार परत देईना. मग दलाल रोज सकाळी त्याच्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात जाऊन बसू लागला. भांडण नाही, काही नाही. चहा प्यायचा, काजूच्या दराच्या गप्पा मारायचा आणि उठताना म्हणायचा, "त्या वयनीचा काय ता बघ रे."

आमच्याकडून त्याने दलालीही घेतली नाही. "खरेदी झाली नाय, मगे दलाली कसली?"

चतुर्थीच्या आधी मालक स्वतः आमच्या दारात आला आणि विसाराचे सगळे पैसे माझ्या हातात ठेवून गेला.