लितियाच्या लेकीची चटई

सुहास ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या नोकरीतून निवृत्त झाला आणि ठरलं, एकदाच जायचं तर लांब जायचं. माझा नवरा नकाशा बघून देश निवडणाऱ्यांतला, म्हणून फिजी. डोंबिवलीत प्रत्येकाला ते कुठे आहे हे आधी समजावून सांगावं लागलं. सिंगापूरला विमान बदलून नांदीला उतरायचं. तिथला डॉलर साधारण चाळीस रुपयांना पडतो आणि टॅक्सीवाल्यांशी हिंदीत बोलता येतं, हा मोठा आधार.

दुसऱ्या दिवशी डोंगरातलं एक गाव बघायला निघालो. आधी उसाची शेतं, मग कच्चा रस्ता, कंबर सांभाळा. टॅक्सीवाला राजेन, पणजोबा बिहारकडून आलेले. त्याने बाजारातून यंगोना नावाच्या झाडाची मुळं घ्यायला लावली. गावच्या प्रमुखाला ती दिल्याशिवाय आत फिरायचं नसतं. वर बजावलं, "दीदी, कोनो चीज के जादा अच्छा नहीं बोलना. ऊ लोग दे देई."

मी हसले. कुणाकडे गेलं की पडद्यापासून पातेल्यापर्यंत कौतुक करायचं ही आपली रीत, त्यात मी पहिल्यापासून बोलघेवडी.

प्रमुखाकडे त्याच मुळांचं मातकट पेय पिऊन जीभ बधिर झाली. मग लितिया नावाच्या बाईने घरी जेवायला नेलं. नारळाच्या दुधातली मासळी इतकी आपली वाटली की मी दोनदा वाढून घेतली. जेवणानंतर तिने एक चटई उलगडून दाखवली. केवड्यासारख्या पानांची, कडेला रंगीत लोकरीची झालर. लेकीच्या लग्नासाठी कित्येक महिने विणलेली. मी "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणत सुटले, चटईसोबत फोटोही काढून घेतले.

लितियाने चटई गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

मी दोनदा "नो, नो" म्हटलं. आपल्याकडे आहेराची साडी घेताना म्हणतात तसं. आणि घेतली. दारात तिची लेक उभी होती.

"बोला रहा ना," राजेन गाडीत म्हणाला. परत द्यायला जाणं म्हणजे अपमान. पण उद्या कापड, साखर असं काही घेऊन गेलं तर मान राहील, असं त्याचं म्हणणं. उद्याच्या बोटीची तिकिटं काढलेली होती. सुहास म्हणाला, "बघ बाई, तू ठरव." मी बोट ठरवली. तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी, निळे मासे, सगळं होतं. माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर राजेनला मेसेज केला, कापड पाठवलं तर पोचवाल का. उत्तर यायला बरेच दिवस लागले. "सादी होय गइस, दीदी." लेकीचं लग्न होऊनही गेलं होतं.

फिजीला जरूर जा. माणसं फार चांगली आहेत, आणि मला त्याचीच लाज वाटते.

परवा शेजारची वर्षा आली होती. चटईवर हात फिरवत म्हणाली, "काय सुंदर आहे गं! कुठे मिळाली?" मी सांगितलं, चहा केला, चटई पुन्हा गुंडाळून कपाटावर ठेवली. ती गेल्यावर लक्षात आलं, चटई तिला द्यावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.