लॅबमधला शेवटचा संगणक

रंजनाबाई चौधरी तोरणमाळच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेत संगणक शिकवायच्या. तिथल्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. मुलं घरी पावरी बोलायची, मराठी पुस्तकातले शब्द त्यांना परके वाटायचे. म्हणून बाईंनी त्यांना घरातलेच शब्द टाइप करायला लावले. शब्दाशेजारी माउसने काढलेलं चित्र. वीज गेली की सगळे बाहेर ओट्यावर येत आणि वीज येईपर्यंत वाद चाले, कारण एकाच पाखराला दोन पाड्यांत दोन नावं असत.

शाळेने जुने संगणक मोडीत काढले, तेव्हा त्यातला चालू असलेला शेवटचा बाईंनी विकत घेतला आणि निवृत्तीनंतर नंदुरबारला आणला.

यंदा इंद्रसिंग पावरांचा फोन आला. तेव्हाचे सहशिक्षक, आता मुख्याध्यापक. पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर पावरी शब्द नि चित्रं रंगवायची होती. जुना संग्रह कुठे असेल का, असं त्यांनी विचारलं. तो बाईंच्या त्याच संगणकात होता, त्या आनंदाने हो म्हणाल्या. फाइली नीट लावायला डिस्कवर जागा नव्हती, म्हणून त्यांनी आधी डिस्कचा एक रिकामा कप्पा, म्हणजे पार्टिशन, काढून टाकलं. संगणक पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरं. लिनक्स सुरू करून देणारा ग्रब नावाचा प्रोग्रॅमच अडकला होता.

दुकानदाराने फॉरमॅट करायला, म्हणजे सगळं पुसून टाकायला सांगितलं. बाई संगणकाचा डबा रिक्षात घालून घरी घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून रुचिका शेजारी बसली.

"आई, सगळं पुसाई गयं का?"

"नही. डिस्क जित्ती शे. तिले रस्ता सापडी नही ऱ्हायना."

रुचिकाने मोबाइलवर शोधून आज्ञा वाचून दाखवल्या. एकेक ऐकता ऐकता बाईंना त्या आठवू लागल्या. 'एलएस' टाकल्यावर पार्टिशनांची यादी आली. एकेक उघडून पाहताना पाचव्यात बूटचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या फाइलींचा फोल्डर दिसला आणि घोळ उलगडला. मधलं पार्टिशन गेल्यामुळे सहावं पाचवं झालं होतं, आणि ग्रब बिचारा अजून सहाव्याचंच दार ठोठावत होता. बाईंनी त्याला नवा पत्ता दिला, 'नॉर्मल' टाइप केलं. ओळखीचा मेनू आला, मागोमाग लिनक्स. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यांनी ग्रब लगेच नव्याने बसवला आणि संग्रह पेनड्राइव्हवर उतरवून घेतला.

मग त्या चित्रं बघत बसल्या. तिरक्या शिंगांचा बोकड. चार चाकांपैकी तीनच जमलेली जीप. मोहाच्या फुलांनी भरलेली टोपली, खाली नाव, नानीबाई. ही मुलगी माउस दोन्ही हातांनी धरायची. फोनवर इंद्रसिंगांना विचारलं, तर ती आता शाळेजवळच्या अंगणवाडीत सेविका होती.

"भिंत तीच रंगवणार आहे, बाई," ते म्हणाले. "तुम्ही मात्र पेनड्राइव्ह कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः या."

बाईंचे गुडघे दुखत होते, पण घाटाची वळणं त्यांना पाठ होती. रविवारी रुचिकाला सोबत घेऊन त्या निघाल्या. शाळेजवळ जीप थांबली, तेव्हा नानीबाई ओट्यावर रंगाचे डबे उघडत होती. बाईंना पाहून तिने हात पदराला पुसले आणि त्यांची पिशवी हातातून घेतली. ओट्यावर चढताना बाईंनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. आतली भिंत पांढरी करून ठेवलेली होती.