मेलानियाकाकूंनी मागितलेलं कुरण

मेलानियाकाकू आमच्या गावाच्या प्रमुख. आसपासची गावं जोडून एकच पंचायत करायचा कायदा युद्धाआधी संसदेनं केला, तेव्हा याच बाई दारोदार फिरल्या. "आता गटार उपसायलासुद्धा कीवच्या तोंडाकडे बघायला नको," म्हणायच्या. लोकांनी ऐकलं. पहिल्यांदाच गावाचा कारभार गावाच्या हातात आला.

मग युद्ध आलं. संसदेनं ठराव करून आमच्या निवडून दिलेल्या पंचायतीचे अधिकार वरून नेमलेल्या लष्करी प्रशासनाला दिले. रणगाडे दाराशी असताना सभा कुठे भरवणार? तेव्हा काकूंनाही ते पटलं, मलाही.

त्याच वर्षी शरदात काकूंचा मुलगा झाखार आघाडीवर गेला. म्हणजे मारलाच गेला. एकुलता एक. गावच्या दफनभूमीत शत्रूनं सुरुंग पेरलेले, म्हणून त्याला पुरायला चर्चमागचं कुरण सगळ्यांनी सुचवलं. पण जमीन द्यायची सही आता तालुक्याला बसलेल्या प्रशासनप्रमुखाची. तो म्हणाला, कबरींनी खालच्या विहिरीचं पाणी नासणार नाही ना, हे तपासल्याशिवाय नाही. माणूस वाईट नव्हता. तपासायला येणारं मात्र कुणी नव्हतं.

मी भडकलो. "काकू, मी फावडी आणतो. बघू कोण अडवतं ते!"

"गप्प बस रे तू."

कुंपणापलीकडून पानासम्हातारा ओरडला, "काय गं, हाच का तुझा घरचा कारभार? पोराला पुरायला पण तालुक्याला विचार आता!"

"विचारणार," काकू म्हणाल्या. "आज मी माझ्या पोरासाठी कुरण खणलं, की उद्या तू डुकरांच्या खुराड्यासाठी विहिरीचा काठ खणशील. तुला मग कुठल्या तोंडानं अडवू?"

पानास पुटपुटत घरात गेला. काकू पुरण्याच्या दिवसासाठी गहू निवडत बसल्या. आमच्याकडे मयताला मध घालून शिजवतात ते.

झाखारला आणलं तेव्हा अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना गुडघे टेकून बसलं होतं. शवपेटी घडीभर अंगणात ठेवली. काकूंनी तिच्यावर हात फिरवला, आणि गाडी तालुक्याच्या दफनभूमीकडे निघाली. गावातून. कुरणाच्या कडेनं.

परवानगी वसंतात आली. "झाखारला इकडे आणू या," मी म्हणालो.

"नको. एकदा निजलाय."

कुरणात पहिला गेला तो पानास. त्याच्या कबरीची जागा काकूंनीच आखून दिली, हात धुतले, आणि दुपारच्या बसनं त्या तालुक्याला झाखारकडे गेल्या.